सुनेच्या तापाचं नाव

थायलंडहून येणाऱ्या पाहुणीला जेवायला काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरी बरेच दिवस गाजत होता. आईचं वय ऐंशीच्या पुढे, पण स्वयंपाकघरातला शेवटचा शब्द अजून तिचाच. "ते लोक भातच खातात म्हणे. मग वरण-भात करू अन् वांग्याची भाजी. काहून एवढा विचार करून राहिली तू?" असं म्हणून तिने विषय मिटवला. पाहुणी आली, मांडी घालून बसली आणि ताटातल्या मिरचीच्या ठेच्यावर तिने असा ताव मारला, की आई तिच्याकडे बघतच राहिली. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आपल्यातलीच वाटून राहिली ही."

पाहुणी माझ्या कामामुळे आली होती. मी जबलपूरच्या एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासते. दरवर्षी पाऊस ओसरला, की आमच्याकडे तापाचे रुग्ण वाढतात. मलेरिया तपासला तर नाही, डेंगू तपासला तर नाही, आणि ताप तर उतरत नाही. असे नमुने आम्ही वर्षानुवर्षं 'कारण अज्ञात' म्हणून बाजूला ठेवत आलो. थायलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात अगदी असाच ताप येतो आणि तिथल्या लोकांनी त्याचा छडा बराच आधी लावला आहे. म्हणून दोन्ही देशांनी मिळून एक प्रकल्प सुरू केला. तिथे रुग्णाला जे प्रश्न विचारायचे तेच इथे, तिथे रक्त जसं तपासायचं तसंच इथे, म्हणजे दोन्हीकडची माहिती शेजारी ठेवून बघता येईल.

दोन वर्षं आमचं बोलणं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच झालं. त्यांच्या बाजूने बोलणारी बाई साठीला टेकलेली, बुटकी, चष्मा सतत कपाळावर सरकवलेला. तिचे विद्यार्थी तिला 'आचान' म्हणत. ते तिचं नाव असेल असं मला वाटलं होतं. पुढे कळलं, की त्यांच्याकडे शिक्षकाला आचान म्हणतात आणि तो आपलाच 'आचार्य' आहे. मग मीही तिला आचान म्हणू लागले, आणि पाहता पाहता आमच्या गाडीचे ड्रायव्हर भैयासुद्धा 'आचान जी' म्हणू लागले.

रक्ताचे नमुने देशाबाहेर पाठवायचे तर परवानग्या मिळता मिळत नाहीत. त्यामुळे तिनेच इथे यायचं, आमच्याच प्रयोगशाळेत आमच्याच नमुन्यांवर आम्हाला शिकवायचं, असं ठरलं. ती सप्टेंबरच्या शेवटी आली. सकाळी आम्ही शहराबाहेर, पनागर गावाच्या पुढच्या भाजीपाल्याच्या शेतांत जायचो. बांधावर लावलेल्या पिंजऱ्यांत उंदीर सापडत. त्यांच्या कानांच्या पाळीत नारिंगी रंगाचे ठिपके दिसत, टाचणीच्या टोकाहून लहान. तेच चिगर, हा ताप पसरवणारे बारीक किडे. गवतात, झुडपांत, उंदरांच्या बिळांभोवती ते राहतात आणि माणूस जवळ आला की त्याला चावतात. चावल्याचं कळतसुद्धा नाही. आठवड्या-दीड आठवड्याने ताप भरतो आणि चावल्या जागी कधी कधी काळी खपली धरते, विडीचा चटका बसल्यासारखी. या आजाराला स्क्रब टायफस म्हणतात.

दुपारी आम्ही प्रयोगशाळेत बसायचो. फ्रीझरमध्ये मागच्या वर्षीचे 'कारण अज्ञात' नमुने होते, त्यांच्यावरच आचानने शिकवायला सुरुवात केली. ती हाताला धरून शिकवायची नाही. शेजारी उभी राहायची, आणि मी चुकले की घशातून बारीक 'हं' असा आवाज काढायची. पहिल्याच फेरीत काही नमुन्यांत आजार निघाला. एकात तर इतका ठळक, की तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि पुन्हा नीट पाहिलं. "हा रुग्ण आता कसा आहे?" तिने विचारलं.

नमुन्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. क्रमांक कोणाचा ते शोधलं तेव्हा मला ती मुलगी आठवली. पंचविशीच्या आतली, पनागरच्या पुढच्या एका खेड्यातली सून. दवाखान्यात तिचं रक्त मीच काढलं होतं. तापाने डोळे लाल झाले होते, तरी माझ्या गळ्याकडे बघून तिने विचारलं होतं, "दीदी, आप मराठी हो क्या? ये दो वाटी वाला मंगलसूत्र आप ही लोग पहनते हो ना?" मी हो म्हटल्यावर म्हणाली, की शाळेतली तिची मैत्रीण मराठी होती, तिच्या घरी पुरणपोळी खाल्ली होती. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ती गेली. तिच्या मागे अडीच-तीन वर्षांची मुलगी होती.

"मग आपण तिच्या घरी जायला हवं," आचान म्हणाली.

मला ते पटकन पटलं नाही. संशोधनातला निकाल, तोही वर्षभराने. त्याचा त्या घराला काय उपयोग? संध्याकाळी घरी हे बोलले, तर आई भाजी निवडता निवडता थांबली. "काहून सांगून राहिली तू? गेलेली पोर परत येईन का? त्या बिचाऱ्यांनी कसंबसं मन घट्ट केलं असन, तू जाऊन पुन्हा उकरणार."

दुसऱ्या दिवशी मी आचानला हेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपण त्यांच्या घरातून रक्त घेतलं. त्यातून जे समजलं ते आपल्याला माहीत आहे, त्यांना माहीत नाही. ऐकायचं की नाही, हे त्यांना ठरवू दे." आमच्या साहेबांनाही विचारलं. त्यांनी बराच विचार करून होकार दिला, पण आधी फोन करा, त्यांची इच्छा असेल तरच जा, असं बजावलं. मी फोन केला. त्या मुलीच्या नवऱ्याने उचलला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "आ जाइए."

घर रस्त्यापासून जरा आत होतं. मागे वाटाण्याची पेरणी झालेली, अंगणात म्हैस. नवरा तिशीचा, हडकुळा. त्याची आई, जिला सगळे अम्मा म्हणत, दाराच्या चौकटीला टेकून जमिनीवर बसली होती. तिने आमच्यासाठी खाट टाकायला लावली, पण आचान तिच्यासमोर जमिनीवरच बसली. घरात लहान मूल असल्याची एकही खूण दिसत नव्हती. मी विचारलं, तेव्हा नवरा म्हणाला, की मुलगी तिच्या आजोळी आहे, जबलपुरातच अधारतालला. सून गेल्यावर तिच्या माहेरचे तेराव्याला आले आणि जाताना नातीला उचलून घेऊन गेले. आमच्या लेकीला अंगात ताप असताना कामाला जुंपलंत, असं भर अंगणात अम्माला सुनावून गेले. तेव्हापासून येणं-जाणं बंद होतं. अम्माने वर्षभर नातीचं तोंड पाहिलं नव्हतं.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं, तर काय बोलायचं याचा घरूनच विचार करून निघाले असते. आता आचानने बोलायला सुरुवात केली होती. ती सोप्या इंग्रजीत सांगत होती, मी हिंदीत करत होते. तुमच्या सुनेला अमुक आजार होता. तो एका बारीक किड्यापासून होतो. तो किडा गवतात राहतो. एवढं मी म्हटलं आणि अम्माचा चेहरा बघून माझी जीभच थांबली.

"घास में?" अम्माने विचारलं. आवाज अगदी बारीक. "घास काटने तो हमी ने भेजा था."

मुलाने आईकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे बघत राहिला. माहेरच्यांनी आरोप केला होता तो ताप आल्यानंतरच्या कामाचा. आता मी घरात बसून अम्माच्या हातात त्याहून मोठा आरोप दिला होता, तापच तिने धाडलेल्या गवतातून आला म्हणून. माझ्या आईचं म्हणणं खरं ठरलं, असं मला वाटलं. आपण उकरायला आलो.

आचानने मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?" मी सांगितलं. तिने पँटचा पाय गुडघ्याच्या वर सरकवला आणि मागच्या बाजूचा एक व्रण अम्माला दाखवला. वाटाण्याएवढा, फिकट, जुना. "मी शिकत होते तेव्हा माझ्या गुरूंनी मला शेतात पाठवलं होतं, उंदीर पकडायला. मला हाच आजार झाला. मी मरता मरता वाचले. गुरू रोज माझ्या उशाशी बसायचे आणि म्हणायचे, मीच पाठवलं, मीच पाठवलं. मी त्यांना सांगायचे, सर, तुम्ही मला कामाला पाठवलंत, आजाराला नाही."

मी एकेक वाक्य हिंदीत केलं. अम्माने तो व्रण बोटाने चाचपून पाहिला.

आचान पुढे म्हणाली, "आणि गवत कापतानाच चावलं, असं कोणीही सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही. हे किडे शेताच्या बांधावर असतात, घरामागच्या झुडपात असतात, पोरं खेळतात तिथे असतात. आम्ही इथल्या सगळ्या बांधांवर पाहिले आहेत. तुम्ही स्वतःही त्याच गवतात जाता. तुम्हाला चावला नाही, तिला चावला. याहून जास्त मला माहीत नाही."

हे ती समजूत घालायला बोलत नव्हती, ते खरंच होतं. पण ते हिंदीत सांगताना मी पहिल्यांदा त्या माहितीकडे अशा तऱ्हेने पाहिलं. आम्हाला इतके दिवस जे आमचं अज्ञान वाटत होतं, कुठे चावलं ते न कळणं, त्याचा त्या अंगणात एका बाईला आधार झाला. अम्मा पदर डोळ्यांना लावून रडली, आणि मुलगा उठून तिच्याजवळ जाऊन बसला.

मग त्याने मला तो प्रश्न विचारला, ज्याची मला सकाळपासून भीती होती. "दवा थी इसकी?"

"थी," मी म्हटलं.

"महँगी?"

"नहीं भैया. साधी गोळी है."

"फिर दी क्यों नहीं?"

मी त्याला सांगितलं, की हा ताप दिसायला टायफॉइडसारखाच दिसतो. डॉक्टरांनी टायफॉइडचं औषध दिलं, कारण तो जास्त आढळतो. या आजाराची तपासणी तेव्हा आमच्याकडे नव्हती, आत्ता आत्ता ही बाई येऊन आम्हाला शिकवते आहे. बोलताना माझे शब्द मलाच लंगडे वाटत होते. त्याने सगळं ऐकलं, 'अच्छा' म्हणाला आणि उठून शेताकडे निघून गेला. आम्ही त्याला थांबवलं नाही.

आम्ही निघायला उठलो, तेव्हा अम्माने माझा हात धरला. "बेटा, एक काम करोगी? यही बात उसके मायके में बता दो. मेरे सामने."

मी म्हटलं, "अम्मा, ते लोक आणखी चिडले तर?"

"चिडले तर चिडले," अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली. "पण त्यांच्या लेकीला काय झालं होतं, ते त्यांनाही कळू दे. मला ठाऊक आणि त्या आईला नाही, हे बरं नाही."

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगितलं. हातातलं काम ठेवून तिने ऐकलं. मग म्हणाली, "ती म्हातारी मोठ्या मनाची दिसून राहिली," आणि जेवायला वाढायला उठली.

अधारतालला सुनेच्या वडिलांची मेन रोडवर आटाचक्की आहे, घर तिच्या मागेच. मी आधी फोन करून त्यांनाही विचारलं होतं. आम्ही दोघी येणार, अम्माही येणार, हे सांगून ठेवलं होतं. सुनेच्या आईने या म्हटलं. वडिलांनी चक्की बंद केली नाही. ते काम करत राहिले. आम्ही आत बसलो, अम्मा दाराजवळ, पिठाने पांढऱ्या झालेल्या भिंतीला पाठ लावून. चक्कीचा आवाज इतका होता, की मला वाक्यं मोठ्याने म्हणावी लागत होती. या वेळी मी गवताचं आधीच सांगितलं, आणि कुठे चावलं ते कोणालाच कळणार नाही, हेही त्याच दमात सांगितलं. मध्येच चक्की थांबली. वडील पडद्यामागे येऊन उभे राहिले होते.

सुनेची आई नीटनेटकी, ठाम बोलणारी बाई होती. तिने सगळं ऐकलं आणि आचानकडे बघून विचारलं, "आप कहती हो किसी की गलती नहीं. तो मैं गुस्सा किस पे करूँ?"

मी इंग्रजीत केलं. "आमच्यावर करा," आचान म्हणाली. "हे सगळं आम्हाला आमच्या देशात माहीत होतं. इथवर पोचायला उशीर झाला."

मी ते हिंदीत सांगितलं. सुनेच्या आईने ते ऐकलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताठा उतरला. ती रागावली नाही. तिने विचारलं, शेवटी तिला खूप त्रास झाला का. हे तिला वर्षभर कोणी सांगितलंच नव्हतं. अम्मा दाराजवळून बोलली. म्हणाली, शेवटी शुद्ध नव्हती, पण त्याआधीच्या दिवशी तिने आईला बोलवा म्हटलं होतं, आणि फोन लागला नव्हता. मग दोघी बायका आमच्याकडे न बघता एकमेकींशी बोलू लागल्या. काय खाल्लं होतं, कोण होतं जवळ, साडी कोणती नेसवली. आचान मला विचारत होती, काय बोलतात, आणि मी मान हलवून सांगितलं, आपल्यासाठी नाही ते.

तेवढ्यात आतल्या खोलीतून छोटी मुलगी झोपेतून उठून आली. तिने आचानकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं, मग अम्माकडे. ओळखलं की नाही, सांगता येत नाही. वर्षभर म्हणजे त्या वयात फार. अम्माने हात पुढे केला नाही. सुनेच्या आईने सगळ्यांना चहा आणला, अम्मालाही दिला, आणि नातीच्या हातात बिस्किट देऊन म्हणाली, "जा, दादी को दे आ."

त्या दिवशी एवढंच झालं. दिवाळीला छोटी दोन रात्री पनागरकडच्या घरी राहिली, हे मला अम्माने फोनवर सांगितलं.

आचान नोव्हेंबरमध्ये परत गेली. जाण्यापूर्वी तिने आणि मी मिळून आसपासच्या डॉक्टरांची एक बैठक घेतली. त्यात तिने काळ्या खपलीची चित्रं दाखवली आणि पावसानंतरचा ताप असेल तर ही गोळी लवकर सुरू करा, तपासणीच्या निकालासाठी अडून बसू नका, असं सांगितलं. काही डॉक्टर मोबाइल बघत होते. काहींनी चित्रांचे फोटो काढून घेतले. दोघांनी नंतर मला फोन करून रुग्ण पाठवले. आता आमच्याकडे ही तपासणी नेहमीची झाली आहे, 'कारण अज्ञात'चे नमुने कमी झाले आहेत, आणि तिकडचे-इकडचे आकडे आम्ही दर महिन्याला पडद्यावर शेजारी ठेवून बघतो. आईला अजून वाटतं, की आम्ही नुसत्या गप्पा मारतो. ती मधूनच पडद्यासमोर येऊन आचानला हात करते.

अम्माचे फोन मात्र पुढच्या पावसाळ्यापासून वाढले. गावात कोणालाही ताप आला, की ती अंगावर कुठे खपली आहे का ते शोधायची आणि मला कळवायची. बहुतेक वेळा ते गळू निघायचं, मुंगी चावलेली असायची, एकदा तर कढईच्या तेलाचा चटका होता. मी हसायचे, पण प्रत्येक वेळी दवाखान्यात पाठवा म्हणायचे. शेजारच्या घरातल्या एका बाईची खपली खरी निघाली, कंबरेला, साडीच्या गाठीखाली. तिला वेळेवर गोळ्या मिळाल्या आणि ती आठवडाभरात उठून कामाला लागली. अम्माने हे सांगायला फोन केला, तेव्हा तिच्या आवाजात आनंद होता आणि बोलता बोलता तो बदलला. मला कळलं तिला कोण आठवतं आहे ते. मी फोन ठेवला नाही, ती बोलायची थांबेपर्यंत ऐकत राहिले.

छोटी आता शाळेत जाते. आजोळीच राहते, सुट्टीत दादीकडे जाते. तिचे आजोबा अजून जावयाशी फारसं बोलत नाहीत, पण त्याला पोरगी न्यायला यायचं असलं, की चक्कीसमोर त्याची मोटरसायकल उभी करायला जागा मोकळी ठेवतात.